घडी न मोडलेला मास्क

कापसाच्या त्या वाईट वर्षांत आमच्या पेन्शन फंडाने मला घाटंजीजवळच्या एका जिनिंग कारखान्यात पाठवलं. पैसे गुंतवण्याआधी तिथे कामगारांना नीट सांभाळतात का, ते बघायचं होतं. शेडमधल्या उन्हात कापसाचे तंतू इतके संथ तरंगत होते की माझे डोळे जड झाले. समोर एक बाई नाकाला पदर लावून कापसातला कचरा वेचत होती. नवाकोरा मास्क मांडीवर तसाच. तपासणीच्या फॉर्मवर 'मास्क देतात?' या प्रश्नापुढे मी 'होय' लिहून मोकळा झालो होतो.

"लावत का नाही, मावशी?"

"आजच भेटला, साहेब. सांजच्याले वापस द्या लागते. मळला त?"

तिने मास्कवर बसलेले तंतू हळूच फुंकले.

मी 'होय' खोडलं नाही. आता माझी पेन्शन त्याच फंडातून येते. खिडकीतल्या उन्हात धूळ तरंगू लागली की माझा हात आपोआप नाकाकडे जातो.