तात्पर्य राहिलं

बडोद्यात, समा भागातल्या आमच्या सोसायटीत, बाहेर गुजराती बोलणाऱ्या मराठी मुलांना मी रविवारी मराठी शिकवते. गोष्ट वाचायची आणि वहीत तात्पर्य लिहून द्यायचं, ही माझी जुनी खोड. एकदा घर सोडून निघालेल्या बाईची गोष्ट वाचली. ती फाटक ओढून घेते, तिथे गोष्ट संपते. त्या दिवशी वेळ संपली आणि तात्पर्य राहून गेलं.

पुढच्या रविवारी एका मुलीचे वडील तणतणत आले.

“टीचर, आठवडाभर घरात वाद चाललाय. ती बाई परत येते की नाही?”

‘संसारात सहन करावं’ हे तात्पर्य मला पाठ होतं. हा प्रश्न मात्र कधी पडलाच नव्हता.

“घरी काय म्हणतात?” मी विचारलं.

चपला काढून ते मुलांशेजारी सतरंजीवर बसले.

“बायको म्हणते, येऊ नये.”