दामल्यांचा पाऊच आणि माझं उकडलेलं अंडं

ही हकीकत सांगायचं मी काही वर्षं टाळलं, कारण तिच्यात एक मूर्ख माणूस आहे आणि तो मी आहे. तशी ती आमच्या घरात असंख्य वेळा सांगून झाली आहे. गणपतीच्या जेवणात, वाढदिवसांना, नव्या पाहुण्यांची करमणूक म्हणून. पण त्या आवृत्तीत मूर्खाची जागा माझे व्याही दामले यांना दिलेली आहे. ती जागा त्यांची नव्हती. माझीच होती, आणि मी त्यांना तिच्यावर बसू दिलं!

दामले म्हणजे माझी सून मुग्धा हिचे वडील. पुण्यात बँकेत होते. तिजोरीच्या किल्ल्या जन्मभर त्यांच्या कमरेला, आणि एकही किल्ली कधी हरवली नाही. हे त्यांनी मला लग्नाच्या बैठकीतच सांगितलं. (मी फक्त ‘प्रवास कसा झाला?’ एवढंच विचारलं होतं.) आता ते सिंगापुरात यिशुनला त्यांच्या मुलाकडे राहतात आणि आम्ही क्वीन्सटाउनला आमच्या मुलाकडे, केदारकडे. व्याह्यांच्या दोन घरांमध्ये निदान एकदा तरी एमआरटी, म्हणजे इथली मेट्रो, बदलावी लागावी, असं माझं मत आहे. सुदैवाने लागते.

तर केदारचं ऑफिसचं काम जर्मनीत निघालं आणि त्याला जोडून त्याने कोलोन शहराची छोटी सहल ठरवली. केदार, मुग्धा, नात इरा, दामले आणि मी. आमची सुधा म्हणाली, “त्या गारठ्यात मी नाही येत. तुम्ही या जाऊन, आणि गेलात तेवढेच परत या.” हे शेवटचं वाक्य माझ्याकडे बघून.

निघायच्या आधीच माझा अपमान झाला.

“बाबा, सगळ्यांचे पासपोर्ट अप्पांकडे राहतील,” केदार म्हणाला. अप्पा म्हणजे दामले.

“का? मी काय मेलोय?”

“तुम्ही वस्तू ठेवून येता, बाबा.”

“काय ठेवून आलोय मी आजवर? सांग ना!”

“छत्री. चष्मा. आई.”

(ती चांगी विमानतळावर बाथरूमला गेली होती आणि मी टॅक्सीत बसून निघालो. टॅक्सी घरी पोचेपर्यंत मी मागे वळून तिच्याशी बोलत होतो. तो विषय वेगळा.)

दामल्यांनी या कामासाठी खास पाऊच आणला होता. खाकी, जाड कापडाचा, छोट्या डब्याएवढा. त्याला साखळी आणि साखळीला कुलूप! आत पाच पासपोर्ट, परतीची तिकिटं आणि एक किल्लीचं गजराचं घड्याळ. फोनच्या गजरावर त्यांचा विश्वास नव्हता. “बॅटरी संपली तर माझं बीपीचं औषध चुकेल, कर्णिक. याची चावी मी स्वतः देतो.”

हॉटेल स्टेशनच्या मागच्या बाजूला होतं. स्वस्त होतं, याबद्दल शंका राहू नये अशी त्याची रचना होती. एका खोलीत केदारचं कुटुंब आणि एका खोलीत आम्ही दोघे व्याही. खोलीत दोन पलंग असतील असं सांगितलं होतं. होते, पण एकमेकांना चिकटवून त्यांचा एक डबल बेड केलेला! वर दोन वेगवेगळ्या रजया, प्रत्येक रजई एका सडपातळ जर्मन मुलाच्या मापाची. रजई गळ्यापर्यंत घेतली की पाय उघडे, आणि पाय झाकले की छाती उघडी. दामल्यांच्या उशीखाली पाऊच, पाऊचमध्ये घड्याळ. टिक, टिक, टिक. ते माझ्याच कानाजवळ!

पण खरा कहर म्हणजे बाथरूम. ते खोलीतच, एका कोपऱ्यात, काचेचं होतं. काच थोडी धुरकट होती, पण इतकी नाही. मुलीच्या सासऱ्याने मुलीच्या वडिलांना आंघोळ करताना बघावं, असा प्रसंग आपल्याकडच्या कुठल्याही विधीत नाही. त्यामुळे एकजण आंघोळीला गेला की दुसरा मुकाट्याने बाहेर पॅसेजमध्ये जाऊन उभा राहायचा. सगळ्या मजल्याला आमची वेळ कळली होती.

शेवटच्या दिवशी सकाळी आम्हाला फ्रँकफर्टच्या विमानतळाची गाडी पकडायची होती. दामले टॉवेल घेऊन उठले आणि त्यांनी पाऊच माझ्या हातात दिला.

“आत नेला तर भिजेल. जरा सांभाळा, कर्णिक. हातातून सोडू नका.”

“अहो, मी काय लहान आहे?”

तिजोरीची किल्ली मिळाल्यासारखा मी छाती काढून बाहेर पडलो. पॅसेजमध्ये नुसतं उभं राहण्यापेक्षा खाली जाऊन नाश्त्याचं टेबल धरावं, असा विचार केला. नाश्ता तळघरात होता. खाली बघतो तर एक अख्खं गायनमंडळ उतरलेलं! पन्नाशी-साठीतल्या धिप्पाड बायका आणि पुरुष, सगळे एका रंगाच्या स्वेटरमध्ये, पावांवर तुटून पडलेले. कोपऱ्यात एकच टेबल रिकामं.

इथे थोडं माझ्या संस्कारांबद्दल सांगायला हवं. माझं बालपण एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरण्यात गेलं. आणि म्हातारपण सिंगापुरात! इथे हॉकर सेंटरला जेवायला गेलं की माणसं आधी रिकाम्या टेबलावर टिश्यूचं पाकीट ठेवतात आणि मग निवांत रांगेत उभी राहतात. पाकीट असलेल्या टेबलाला कोणी हात लावत नाही. काहीजण तर फोन ठेवून जातात! याला इथे ‘चोप’ करणं म्हणतात. (मराठीतला चोप वेगळा. तो मला पुढे मिळता मिळता राहिला.) म्हणजे वस्तू ठेवून जागा धरणं हे माझ्या रक्तात होतं आणि सिंगापूरने त्यावर शिक्का मारला होता.

मी खिसे चाचपले. टिश्यू नाही. रुमाल नाही. एक थोराड जर्मन बाई हातात ताट घेऊन टेबलाच्या दिशेने निघालेली. आणि माझ्या हातात होता तो...

ठेवला! टेबलाच्या मधोमध, साखळीसकट. बाई थबकली. मी तिला मान लवून हसलो आणि अंडी घ्यायला रांगेत गेलो. इतका आनंद मला मुलाच्या लग्नातही झाला नव्हता.

अंडं, पाव आणि कॉफी घेऊन वळलो, तर टेबलाभोवती गोल रिकामी जागा झाली होती. सगळं गायनमंडळ भिंतीला टेकून उभं. हॉटेलची मॅनेजर दोन्ही हात पसरून लोकांना मागे सारत होती. मग मला त्यांच्या नजरेने तो पाऊच दिसला. मोठ्या स्टेशनच्या शेजारी, तळघरात, कुणीही नसलेल्या टेबलावर एक कुलूपबंद, साखळीबंद खाकी पिशवी. आणि त्या शांततेत स्वच्छ ऐकू येत होतं, टिक, टिक, टिक.

त्याच क्षणी ‘माझं आहे हो!’ एवढं म्हणायला हवं होतं. तोंड उघडलंही. पण जिन्यात केदार आणि मुग्धा इराचा हात धरून उतरताना दिसले आणि माझ्या कानात घुमलं, ‘छत्री. चष्मा. आई.’ म्हटलं, थांबावं जरा. गर्दी पांगली की गुपचूप उचलू. तोंड उघडलंच होतं, म्हणून त्यात अख्खं अंडं घातलं. (ताट ठेवून बाहेर व्हा, अशा खुणा चालल्या होत्या. अंडं वाया कशाला घालवा?)

गर्दी पांगली, पण सगळी रस्त्यावर! मॅनेजरने पोलिसांना फोन केला, घंटा वाजली आणि अख्खं हॉटेल फुटपाथवर आलं. कोणी चपलेत, कोणी नाइटड्रेसमध्ये. गायनमंडळाने वेळ जावा म्हणून एक गाणंसुद्धा सुरू केलं. आणि मग दारातून दामले आले. डोक्याला साबणाचा फेस, कमरेला टॉवेल, अंगावर ती अर्धवट रजई. कुडकुडत माझ्याशेजारी येऊन उभे राहिले.

“काय झालं, कर्णिक?”

मी अंड्यातून काहीतरी बोललो.

“पाऊच कुठाय?”

मी मान खाली घातली. दामल्यांनी माझ्या रिकाम्या हातांकडे पाहिलं. मग तळघराच्या जिन्याकडे पाहिलं. बँकेतला माणूस, बेरीज लगेच झाली.

तेवढ्यात पोलिसांची गाडी आली. दोन उंच पोलीस जिन्याच्या तोंडाशी पोचले आणि आतून आवाज आला, ट्रिंगगगगग! कोणीतरी किंचाळलं. गायनमंडळ सुरासकट खाली बसलं. पोलीस भिंतीला चिकटले. केदारने इराला मिठीत घेतलं. उभे राहिले फक्त दामले.

“काही नाही, काही नाही,” ते रजई सावरत मोठ्याने इंग्रजीत म्हणाले, “माझी औषधाची वेळ झाली.”

मग सगळं उलगडलं. पोलिसांनी पाऊच वर आणला. दामल्यांनी टॉवेलमध्ये खोचलेली किल्ली काढून कुलूप उघडलं. आतून पासपोर्ट निघाले, घड्याळ निघालं. सगळं शाबूत! मला एकदम हलकं वाटलं. पण पोलीस हसत नव्हता.

“पिशवी कोणाची?”

“माझी,” दामले म्हणाले.

“ती टेबलावर सोडून कोण गेलं?”

आता बोलायचं होतं. देवाशप्पथ सांगतो, मी बोलणार होतो! पण अंडं टाळूला चिकटलं होतं. मी ‘म्म’ केलं, छातीवर हात ठेवला. पोलिसाला वाटलं, म्हातारा गुदमरतोय. आणि माझ्याकडे एकदाच बघून दामले म्हणाले, “मी. विसरलो. माफ करा.”

उकडलेलं अंडं गिळायला माणसाला किती वेळ लागतो? मला काही वर्षं लागली.

पोलिसाने भर रस्त्यात दामल्यांची खरडपट्टी काढली. टॉवेलमधला माणूस खाली मान घालून ऐकत होता. मुग्धा रडवेली झाली होती. “अप्पा, असं कसं विसरलात तुम्ही? तुम्ही?” आमची गाडी चुकली, पुढची मिळाली, विमानही धावतपळत मिळालं. गाडीत केदारने पाऊच दामल्यांकडून काढून माझ्या मांडीवर ठेवला. “आता तुम्हीच सांभाळा, बाबा.” इरा म्हणाली, “आयो, दामले आजोबा, यू सो ब्लर, ला!” (वेंधळ्या माणसाला इथे ‘ब्लर’ म्हणतात.) सगळे हसले. दामलेही हसले. मग माझ्याकडे वाकून हळूच म्हणाले,

“कर्णिक, अंडं गिळलंत का?”

त्यानंतर या विषयावर ते माझ्याशी एक अक्षर बोलले नाहीत. बोलत मीच होतो. टॉवेल, रजई आणि ‘माझी औषधाची वेळ झाली’ हे मी साभिनय करून दाखवायचो. लोक पोट धरून हसायचे. मीही हसायचो, आणि घरी आल्यावर मला अंड्याचे ढेकर यायचे. सुधा म्हणायची, “अहो, तिथे तर वरणभात होता!”

परवा जेवताना मुग्धा म्हणाली, “अप्पांना मेमरी क्लिनिकला नेतोय. दादा म्हणतो, आता त्यांना एकटं एमआरटीने सोडायला नको. घराची किल्लीसुद्धा काढून घेतलीय त्यांच्याकडून.”

“का गं? काय झालं?” सुधाने विचारलं.

“परवा चष्मा कपाळावर असताना शोधत होते. पण सुरुवात जर्मनीतच झाली ना, आई. आम्हीच हसण्यावारी नेलं.”

दामल्यांची किल्ली काढून घेतली! माझा घास हातातच राहिला. चष्मा कपाळावर ठेवून मी तर रोज शोधतो. मला कोणी कुठे नेत नाही, घरात फक्त ओरडतात.

“मुग्धा,” मी म्हणालो, “तो पाऊच मी ठेवला होता. टेबल धरायला.”

घरात असं काही शांत झालं की पुन्हा टिक टिक ऐकू येईलसं वाटलं. मग मी सगळं सांगितलं, आंघोळीपासून अंड्यापर्यंत.

“आजोबा,” इरा म्हणाली, “यू चोप्ड द टेबल विथ ऑल अवर पासपोर्ट्स?”

“टिश्यू नव्हते गं.”

मुग्धाचे डोळे भरले. मला वाटलं, आता बोलेल ती. पण तिला आधी हसू फुटलं, मग हुंदका, मग पुन्हा हसू. “म्हणजे अप्पा चांगले आहेत!” एवढंच म्हणत राहिली. लगेच भावाला फोन गेला. त्याच संध्याकाळी दामल्यांना किल्ली परत मिळाली, क्लिनिक रद्द झालं. केदारने माझ्या कपाटातून पासपोर्ट काढून नेले. सुधाने माझी घराची किल्ली दोऱ्यात ओवून माझ्या गळ्यात घातली. इतक्या वर्षांत मला इतकं बरं वाटलं नव्हतं! वरणभात पचला.

उरली होती दामल्यांची माफी. रविवारी सकाळी मी एमआरटी बदलून यिशुनला गेलो. वाटेत वाक्यं पाठ केली. ‘दामले, मुलाचा बाप म्हणून माझा ताठा आड आला.’ दामले बिल्डिंगखालच्या हॉकर सेंटरमध्ये भेटले. कमरेला किल्ली, गळ्यात तोच खाकी पाऊच. मुलाने सगळं सांगितलं असणार, पण चेहऱ्यावर काही नाही.

“बसा, कर्णिक. गर्दी आहे, मी कॉफी घेऊन येतो,” असं म्हणून त्यांनी गळ्यातला पाऊच काढला आणि माझ्या हातात दिला. “जरा सांभाळा.”

आणि ते रांगेत जाऊन उभे राहिले. एकदाही मागे वळून पाहिलं नाही.

मी पाऊच छातीशी घट्ट धरून बसलो. एकजण ‘ही खुर्ची रिकामी आहे का?’ विचारायला आला, तर मी त्याच्या अंगावर ओरडलो. थोड्या वेळाने दामले दोन कॉफी आणि एका बशीत दोन उकडलेली अंडी घेऊन आले. ते स्वतः अंडं खात नाहीत.

“अहो, धरून काय बसलात? ठेवा की टेबलावर. इथे कोणी नेत नाही.”

मला तेव्हाच माफी मागायची होती. वाक्य अगदी ओठांवर आलं होतं. पण माफी मागायला हात जोडावे लागतात, आणि माझ्या दोन्ही हातांत पाऊच होता.