सुनेची गोळी आणि माझी हुशारी

कुठून सुरुवात करू, तेच कळत नाही बाई! नात मांडीवर खेळतेय म्हणून आज हसत सांगतेय, नाहीतर हा किस्सा माझ्यासोबतच गेला असता.

मी मेहकरजवळच्या एका गावातली आशा कार्यकर्ती. गरोदर बायकांच्या नोंदी ठेवायच्या, ज्यांना मूल नको त्यांना पाळणा लांबवायच्या गोळ्या द्यायच्या, हे माझं काम. बारा वर्षं झाली! आता मला कुणी गोळ्या शिकवाव्यात का?

तर लेकाच्या लग्नाला तीन वर्षं झाली, तरी पाळणा काही हलेना. आणि एका सकाळी बघते तर काय? आमची सून प्रज्ञा उठल्या उठल्या कपाटामागून बाटली काढतेय आणि बारीकशी पांढरी गोळी गिळतेय. दुसऱ्या दिवशीही तेच. रोज, ठरल्या वेळेला, अनशापोटी! बाटली हातात घेतली, तर वरचा कागद नखाने खरवडलेला. पाळणा लांबवायच्या गोळ्या पाकिटातून काढून बाटलीत लपवल्या असणार!

रोजची गोळी, तीही चोरून? मला काही पटेना. कारण हीच पोरगी शेजारचं लेकरू खाली ठेवत नाही. लेकरूही हवं आणि गोळीही हवी, हे काय गणित आहे?

लेकाला गाठलं. "काऊन रे, प्रज्ञा कायची गोळी घेऊन राह्यली?"

तो दचकलाच. "आई, तू त्याच्यात पडू नको बरं!"

म्हणजे दोघं सामील! मग मी पडलेच. माझ्या सर्दीच्या होमिओपॅथीच्या गोळ्या अगदी तेवढ्याच, तशाच पांढऱ्या. त्या भरल्या बाटलीत आणि सुनेच्या गोळ्या दिल्या मोरीत सोडून.

दोन महिने बिचारी माझी सर्दीची गोळी नेमाने घेत होती. मी रोज तिच्या तोंडाकडे बघायची. पण उलटी नाही की डोहाळे नाहीत, नुसती झोप! भाजी निवडता निवडता पेंगायची. केस गळायचे. पाळी दीड महिना आली नाही, तशी मी खूश. मग आलीच, तशी मी पुन्हा गोंधळात. गोळी तर बंद केली, मग अडलंय कुठे?

ती मेहकरच्या डॉक्टरीणबाईंकडे निघाली, तशी मीही बसमध्ये चढले.

बाईंनी रिपोर्ट पाहिला. चष्मा काढला, पुन्हा लावला. "प्रज्ञा, गोळी रोज घेतेस ना?"

"हो मॅडम. एक दिवस बी चुकली नाही."

"मग मागच्यापेक्षा बिघडलं कसं? औषध लागूच पडत नाही, असं कसं होईल?"

आता माझ्याने राहवेना. मी उभीच राहिले. "लागू कसं पडन मॅडम? मीच बदलून टाकलं न! आता पाहू लेकरू कसं होत नाही तं!"

बाई माझ्याकडे वळल्या. "अहो, ती थायरॉईडची गोळी होती! थायरॉईड मंद पडलं की पाळी बिघडते, वेळेवर बीज सुटत नाही, दिवस राहणं अवघड होतं. लेकरू व्हावं म्हणूनच तर दिली होती!"

थायरॉईड! प्रशिक्षणात हे नाव ऐकलं होतं हो. तेव्हा मी बहुतेक मागे चहा वाटत होते.

नातवासाठी देव पाण्यात घालून बसलेली मी, आणि दोन महिने त्याची वाट मीच अडवली होती! मला रडूच कोसळलं. बाईंनी गोळी नव्याने लिहून दिली, सहा आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासायला सांगितलं.

दारापाशी आल्यावर मी प्रज्ञाला म्हटलं, "पण मले काऊन नाही सांगतलं वं? कागद बी खरवडला!"

ती खाली मान घालून म्हणाली, "गावात बोभाटा झाला असता, आई."

"म्हणजे? मी काय घरची गोष्ट गावात सांगत फिरते?"

बाहेर बाकावर आमच्याच गावच्या तिघी बसल्या होत्या. मला पाहताच कमलाबाई साऱ्या दवाखान्याला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली, "काय हो आशाताई, सुटली का सूनबाईची ती पाळणा लांबवायची गोळी?"

प्रज्ञा माझ्याकडे बघू लागली. मी हळूच म्हटलं, "फक्त हिलेच सांगतलं होतं वं."

बाकीच्या दोघी लगेच म्हणाल्या, "असं काऊन? आम्हाले बी तं सांगतलं होतं!"