साल २५६७

लुंग खम्पान तीस वर्षं नानच्या तालुका कचेरीच्या खिडकीत बसला. ‘लुंग’, म्हणजे काका, हे तोंडावर. पाठीमागे सगळे त्याला ‘परत आणा’ म्हणत. महिना अक्षरी लिहायच्या जागी आकड्यात लिहिला, तरी तो अर्ज बाहेर सरकवायचा. “तारीख चुकली. परत आणा.” माझ्या आईच्या डोळ्यात काचबिंदू होता. ऑपरेशनच्या दाखल्यासाठी त्याने तिला तीनदा डोंगरावर परत पाठवलं. तोवर डावा डोळा गेला.

निवृत्त झाल्यावर तो माझ्या कॉम्प्युटरच्या दुकानात आला. वडिलांच्या भातशेतीसाठी त्याने थोरल्या भावाला भर गावात चोर म्हटलं होतं. खोटं बोलून शेत लाटलं होतं स्वतःच. भाऊ आता चिआंग माईला मरणाला टेकला होता. त्याचा निरोप आला होता, “चारचौघांत चोर म्हणालास, चारचौघांत माफी माग. मगच तुझं तोंड बघेन.” म्हणून ब्लॉग हवा होता, गावातल्या प्रत्येक फोनवर दिसेल असा.

“फुकटात होईल ना, ओई?”

“होईल, लुंग. साध्या फाईलमध्ये लिहायचं. एक कमांड दिली की तिचं पान तयार होतं. फाईलच्या डोक्यावर फक्त शीर्षक आणि तारीख.”

“म्हणजे अर्जच की,” गडी खूश झाला. त्याने एकेक आकडा जपून दाबला. साल, २५६७.

मी पाहिलं. आमचं साल बुद्धाचं; यंत्राच्या हिशेबी ते पाचशे त्रेचाळीस वर्षं पुढचं. पुढल्या तारखेचा लेख यंत्र त्या तारखेपर्यंत बाहेर सोडत नाही. सांगायला एक वाक्य पुरलं असतं. मी सांगितलं नाही. उलट त्याच्या लॅपटॉपवर पुढल्या तारखांचे लेखही दिसतील अशी सोय करून दिली. त्या दिवशी मी पोटभर जेवले.

तो रोज एक लेख लिहायचा. गावाच्या फोनवर नुसतं नाव दिसायचं, ‘माझ्या भावाची माफी मागतो’, आणि खाली कोरं. नूडल्सवाली त्याला म्हणाली, “वाचलं हो लुंग. एक शब्द जास्तीचा नाही.” त्याला ती शाबासकी वाटली. त्याने मला येऊन सांगितलीसुद्धा.

तेराव्या दिवशी त्याला पुतणीचा, त्या भावाच्या मुलीचा, फोन आला. “बाबा रोज पान उघडायला लावायचे. म्हणाले, मी मरतानासुद्धा हा माझी टर उडवतोय. काल गेले.”

तो लॅपटॉप घेऊन दुकानात आला. “माझ्याकडे तर सगळं दिसतंय, ओई.”

मी २५६७ खोडून २०२४ केलं आणि कमांड दिली. त्याच्या फोनवर पहिला लेख आला: ‘शेत मी लाटलं.’

त्याने त्या आकड्यावर बोट ठेवलं. मला वाटलं, शिव्या घालेल. घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

“तारीख चुकली होती,” तो म्हणाला. “मग परत द्यायचं होतंस. मी निदान परत देत होतो.”