बोंडाची चकती

कापसाचा भाव पडला त्या वर्षी दिग्रसच्या जिनिंग कारखान्यापुढं आमच्या कापसाच्या बैलबंड्यांची रांग हलता हलेना. मग पत्त्यांचा डाव बसला. पैसे लावायचे नाहीत असं ठरल्यावर पुढच्या बंडीवाल्यानं पैशांऐवजी लावायला जुन्या चपलेच्या रबराच्या चकत्या कापल्या आणि पोळ्याला बैलांची शिंगं रंगवून उरलेला रंग काढला. नक्षी सुचावी म्हणून कानावर ब्रश खोचून तो रांगभर हिंडला. एका चकतीवर शिंग आलं, दुसरीवर चहाची किटली. सगळ्यात मोलाच्या चकतीवर त्यानं कापसाचं बोंड काढलं.

"बोंड काहून? त्याले तं भावच नाही," मी म्हणालो.

ओल्या रंगावर फुंकर घालत तो म्हणाला, "भाऊ, आतमंधी भाव ते व्यापारी लावतेत. इथं तं आपण लावू."

पण ज्याच्या हाती बोंड आलं, तो ते सोडायलाच तयार होईना. शेवटी डावही अडला, रांगेसारखाच.