सरपंचबाई खुर्चीत बसेनात

सगळं गाव शाळेच्या पटांगणात जमलेलं, माईक दोनदा किंचाळून गप्प झालेला, आणि सरपंच खुर्चीशेजारी उभ्या. बसायचं नावच घेईनात.

"ताई, बसा ना," चेहऱ्यावरचं हसू न हलवता मी दातातल्या दातात म्हटलं.

"समोर मामंजी हायत, मॅडम." सुरेखाताईंनी डोक्यावरचा पदर आणखी पुढं ओढला. "म्या न्हाय बसत."

मी त्या गावची ग्रामसेविका होते. ग्रामपंचायतीची कागदपत्रं सांभाळायची, सभा बोलवायची, ठराव लिहायचे, आणि काही चुकलं की वरून बोलणी खायची, अशी ती नोकरी. गाव अणदूरच्या पुढं, रस्त्यापासून आत. पस्तिशीतली मी म्हणजे एक प्रकरणच होतं. खांद्याला मोठी पर्स, डोळ्याला काळा गॉगल. कुणी "बाई" म्हटलं तर ऐकूच यायचं नाही, "मॅडम" म्हटलं की लगेच यायचं. नुकतंच महिला सक्षमीकरणाचं ट्रेनिंग घेऊन आले होते, त्यामुळे तालुक्यातल्या बायकांना वर काढायचं काम माझ्याकडंच आलंय अशी माझी समजूत होती. घरी सासरे आले की मी स्वतः ताडकन उठून स्वयंपाकघरात पळायचे, ते ट्रेनिंगमध्ये कुणी विचारलं नव्हतं.

त्या उत्साहात उमरग्याहून एक फिरती खुर्ची आणवली होती. उंच पाठ, चाकं, सगळं. पहिल्यांदाच बाई सरपंच झालेली, तिचा मान दिसला पाहिजे! चाकं पटांगणातल्या मातीत रुतली, तेव्हा दोघांनी उचलून ती टेबलामागं ठेवली.

आता अडचण समजून घ्या. सुरेखाताईंच्या घरची मेंढरं. सासरे अण्णा, गावाबाहेरच्या मेंढपाळांच्या वस्तीवरचे सगळ्यांत मोठे. त्या घरात सून सासऱ्यासमोर खुर्चीत बसत नाही, बाजेवर बसत नाही, चारचौघांत त्यांच्याशी थेट बोलतही नाही. अण्णा एरवी सभेला येत नसत. पण उपसरपंच बापूरावांनी मुद्दाम माणूस पाठवून त्यांना आणलं, शाल पांघरली, नारळ दिला आणि बरोबर सरपंचांच्या समोर, पहिल्या रांगेत खुर्ची दिली. एवढा मान कशाला, हे माझ्या उशिरा लक्षात आलं.

विषय पाण्याच्या टाकीचा होता. टाकी मंजूर झाली होती, जागा ग्रामसभेनं ठरवायची होती. सुरेखाताईंना ती वस्तीवर हवी होती, कारण तिथल्या बाया ओढ्यापलीकडच्या विहिरीवरून पाणी आणायच्या. बापूरावांना ती रोडला हवी होती. तिथं त्यांनी नुकतेच प्लॉट पाडले होते. ठराव मार्चअखेरच्या आत गेला नाही तर मंजुरीच जाणार होती. सरपंच अध्यक्षस्थानी नसतील तर सभा उपसरपंच चालवणार. आणि बापूराव अध्यक्ष झाले की सभा तहकूब, म्हणजे पुढं ढकलणार, मार्चअखेरीला आपल्याच चार माणसांत रोडची जागा उरकून घेणार, आणि वस्तीचं पाणी गेलं.

बापूराव उठलेच. पांढरी कडक इस्त्री, आवाजात साखर.

"वहिनीस्नी अवघड वाटत असंल तर ऱ्हाऊ द्या. घरची रीत मोठी हाय. मी बसतो."

"थांबा," मी म्हटलं आणि ताईंच्या कानाशी लागले. "बसा हो! ही संधी आहे. बेड्या तोडायच्या असतात."

"तोडीन की," त्या म्हणाल्या. "पर आज तोडल्या तर गाव टाकीचं इसरंल अन् माझ्या बसण्याचंच बोलत बसंल. मॅडम, खाली बसलं तर चालतंय का?"

"अजिबात नाही! कायद्यात बसत नाही."

"कुठं लिवलंय?"

मी पर्समधून नियमांचं पुस्तक काढलं. इतक्या आत्मविश्वासानं काढलं की पुढच्या रांगेतल्यांनी मान वाकवली. पानं उलटली. अध्यक्ष सापडला, गणपूर्ती सापडली, नोटीस सापडली. खुर्ची काही सापडेना. मी मागून पुढं चाळायला लागले.

"तुमी हुडका," सुरेखाताई म्हणाल्या. "तवर म्या बसते."

आणि टेबलाला वळसा घालून त्या समोर मातीतच मांडी घालून बसल्या. माईक ओढून घेतला. "सभा सुरू करायलोत," म्हणाल्या.

मग अण्णा उठले. मला वाटलं, संपलं, म्हातारा रागावून निघाला. अण्णांनी नवी शाल काढून खुर्चीवर ठेवली, खांद्यावरची काळी घोंगडी उतरवली आणि माझ्याकडं धरली.

"मॅडम, सरपंचास्नी इचारा, ह्याच्यावर बसतील का?"

सून तीन हातांवर होती.

मी खाली बघून म्हटलं, "ताई, अण्णा विचारतात, घोंगडीवर बसता का?"

"मामंजीस्नी सांगा, बसते. पर त्यांनीबी बसावं."

मी वर बघून म्हटलं, "अण्णा, सरपंच म्हणतात, तुम्हीही बसा."

सक्षमीकरणाचं ट्रेनिंग घेतलेली बाई त्या क्षणी निव्वळ टेलिफोनची तार झाली होती. घोंगडी अंथरली. एका टोकाला सरपंच, दुसऱ्या टोकाला अण्णा. त्यांनी पाठीवर थाप मारली नाही की भाषण केलं नाही. सुनेला चारचौघांत "सरपंच" म्हणाले, एवढंच. मी पुस्तक मिटलं.

तेवढ्यात मागून वस्तीवरची एक म्हातारी ओरडली, "आगं बया! अध्यक्ष खाली अन् ही मंडळी वर व्हय? यांचं काय लगीन हाय का आज?"

हशा उसळला. पहिल्यांदा हेडमास्तर खुर्चीवरून उतरले. मग सदस्य, एकेक करून. मीही मातीत बसले, कांजी केलेल्या साडीसकट. आपल्या खुर्चीवर परत बसलेले एकटे बापूराव उरले. इकडं तिकडं बघितलं आणि तेही खाली आले, पण उभेच. त्या कपड्यांना माती लागणं त्यांना पटेना.

"भावजी, हितं या की, घोंगडीवर," सुरेखाताई माईकवरून म्हणाल्या. "बसा, अन् गावाला सांगा, टाकी रोडला कशापायी पायजे."

पुढचं मला कुणी समजावून सांगावं लागलं नाही, लोकांच्या चेहऱ्यावरून कळलं. त्या गावात भांडणाचा निवाडा घोंगडीवर बसून होतो, आणि घोंगडीवर बसलेला माणूस खोटं बोलत नाही. दारू पिऊन गोंधळ घालणारासुद्धा नाही.

बापूरावांनी घोंगडीकडं पाहिलं. अण्णांकडं पाहिलं. अण्णांनी थोडं सरकून जागा केली.

"नको, मी हितंच बरा," बापूराव म्हणाले आणि घोंगडी सोडून, पांढऱ्याशुभ्र कपड्यांत, थेट मातीत बसले.

एवढं उत्तर गावाला पुरलं. वस्तीवरच्या जागेचा ठराव मांडला, हात वर झाले. बायकांच्या बाजूला पहिला हात कुणाचा, तर बापूरावांच्या बायकोचा. बापूरावांनी तिच्याकडं रोखून बघितलं. तिनं दुसराही वर केला.

ठराव वेळेत गेला. टाकी वस्तीवर झाली. पाणी यायला आणखी दोन इंजिनिअर आणि तीन उद्घाटनं लागली, पण आलं. बापूराव पुढं प्रत्येक भाषणात "आम्ही टाकी आणली" म्हणायचे, आणि सुरेखाताई समोर बसून टाळ्या वाजवायच्या. ताईंच्या राजकारणात मला सगळ्यांत जास्त कौतुक वाटलं ते या टाळ्यांचं.

सभा संपल्यावर मी त्यांना विचारलं, "ताई, हे सगळं तुम्ही आधीच ठरवलं होतं ना?"

"कशाचं वो! सकाळधरनं हुबी हुते. पाय लई दुखाय लागले."

मी त्यावर विश्वास ठेवला नाही. अजूनही ठेवत नाही. पण नोकरीतला एक धडा त्या दिवशी पक्का झाला: सभेला अध्यक्ष लागतो, खुर्ची लागत नाही. आणि एखाद्या बाईला मान द्यायचा असेल, तर तो तिला कुठं बसून हवाय, ते आधी तिलाच विचारावं. हे पुस्तकात नाही. मी दोन्ही बाजूंनी चाळलंय.