सुट्टीची तीन कोटेशनं

"तीन कोटेशनं आल्याशिवाय हलायचं नाय," असं म्हणत ते एक कोरा कागद घेत, त्याच्या उभ्या घड्या घालत आणि प्रत्येक घडी अंगठ्याच्या नखाने दाबून काढत. कागद उलगडला की चार रकाने तयार. डावीकडच्या रकान्यात मुद्दे आणि उरलेल्या तिनांत तीन कंपन्या. फूटपट्टी समोर पडलेली असायची, पण ती त्यांनी कधी वापरलेली मला आठवत नाही.

रोह्याच्या एका केमिकल कंपनीच्या खरेदी खात्यात मी अकरा वर्षं त्यांच्या समोरच्या टेबलावर बसले. सगळे त्यांना भाऊ म्हणत. राहायला आम्ही दोघंही पेणचे, ते रामवाडीत. सकाळी कंपनीच्या बसमध्ये खिडकीची जागा ते मला देत आणि स्वतः चष्मा पुसत बसत. हायवेचं काम संपेल या आशेवर आम्ही दोघांनीही पाठीचे मणके झिजवले.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. मंडईत तीन गाळ्यांवर वांगी चाचपून ते पहिल्याच गाळ्यावर परत येत. पेणमध्ये राहून गणपतीसाठीही तीन कारखाने फिरत. एका वर्षी कारखानदार कंटाळून म्हणाला, "भाऊ, देव हाय तो, पंप नाय." भाऊ हसले आणि चौथ्या कारखान्यात गेले.

हे सगळं आम्हाला करमणुकीचं होतं. मग त्यांनी सुट्टीचं कोटेशन मागवलं.

झालं असं, की पेणच्या एका प्रदर्शनात त्यांनी लकी ड्रॉचं कुपन भरलं आणि आठवड्यात फोन आला, तुम्ही निवडले गेलात, अभिनंदन. हॉटेलात जेवण आणि भेटवस्तू, अट एकच, नवरा-बायकोने जोडीने यायचं. तिथे एका टाय लावलेल्या माणसाने त्यांना समजावलं की एकदा रक्कम भरली की पंचवीस वर्षं, दरवर्षी एक आठवडा, कंपनीच्या कुठल्याही रिसॉर्टवर आपली हक्काची खोली. देखभालीचा वार्षिक आकार तेवढा वेगळा. दुसऱ्या दिवशी भाऊ ऑफिसात आले ते माहितीपत्रक घेऊनच. कागदाला घड्या पडल्या.

"भाऊ, चार दिवस गोव्याला जा ना, एक लॉज घ्या, झालं," मी म्हटलं.

"तसं नाय गो. एकदा जाऊन भागत नाय. आमच्या घरात काय, नाय गेलं की नायच जात. पैसे भरून ठेवले की दरवर्षी जावंच लागेल." मग हळूच म्हणाले, "बावीस वर्षं झाली लग्नाला. तिचा प्रवास म्हणजे पेण ते कासू आणि कासू ते पेण."

कासूला वहिनींचं माहेर. पॅसेंजर गाडीने जायचं आणि दुसऱ्या दिवशी परत, कारण इथे भाऊंचा डबा कोण करणार? मुलगी तेव्हा दहावीत होती. तिचं लग्न व्हायच्या आत एकदा तिघांनी मिळून कुठेतरी जायचं, एवढीच त्यांची इच्छा. स्वतःसाठी या माणसाने काही मागितलेलं मी दुसऱ्यांदा पाहिलं नाही.

पुढची सहा वर्षं त्या तक्त्यात गेली. थट्टा नाही, सहा वर्षं. रिसॉर्ट किती, बुकिंग किती महिने आधी, एका वर्षीचा आठवडा पुढच्या वर्षी ढकलता येतो का, आपल्यामागे मुलीच्या नावावर होतो का. कुणी आठवडे देई, कुणी पॉइंट देई, मग भाऊ पॉइंटांचे आठवडे करत बसत. एखादा पंप घेण्याआधी तो वापरणाऱ्या कारखान्याला फोन करायची खात्याची पद्धत, म्हणून त्यांनी जुन्या मेंबरांचे नंबर मिळवून फोन केले. कुणी म्हणालं, उत्तम. कुणी म्हणालं, दिवाळीत आणि मे महिन्यात खोली मिळेल तर शपथ.

खरा घोळ वेगळाच होता. पहिल्या कंपनीचा भाव महिनाभर चाले. तिसरीचं कोटेशन हाती येईपर्यंत पहिलीची मुदत संपलेली असे आणि योजनाही बदललेली असे. खात्यात असं झालं की नवीन कोटेशन मागवायचं, हा नियम. नियमाप्रमाणे भाऊ पहिल्यापासून सुरुवात करत. मी एकदा चिडून म्हटलं, "अहो, हा काय बॉयलर आहे?"

"बॉयलर चुकला तर कंपनी दुसरा घेते," ते म्हणाले. "मी हे एकदाच करणार हाय. हे चुकलं तर तिला काय तोंड दाखवू?"

दर खेपेला जोडीने जायचं असल्यामुळे वहिनी मात्र फिरल्या. पेण, पनवेल, कोलाड, जिथे म्हणून ते कार्यक्रम असतील तिथल्या हॉटेलांत त्या ठेवणीतली साडी नेसून बसल्या. भेट म्हणून त्यांना तीन कंपन्यांचे तीन तवे मिळाले, एक कुकर मिळाला आणि डब्यांचे दोन सेट. भाऊ हे कौतुकाने सांगत. मीही हसले होते. आज त्या हसण्याची मला लाज वाटते.

दरम्यान मुलीचं नर्सिंग पूर्ण झालं, नोकरी लागली आणि पाठोपाठ लग्न ठरलं. ती नागपूरला गेली. लग्नानंतर भाऊ कामावर आले आणि त्यांनी तक्त्यात डावीकडे 'माणसे' असं लिहिलेलं होतं, त्यापुढचा तीनचा आकडा खोडून दोन केला. मी पाहत होते. त्यांनी वर बघितलं नाही, मी बिलांचा गठ्ठा पुढे ओढला. महिनाअखेर होती आणि दोघांनाही बिलं उरकायची होती.

त्यानंतर थोड्याच दिवसांत त्यांचा निकाल लागला. तिन्हींत एक योजना स्पष्ट पुढे होती, आणि ती पुढे का, तर तिच्या खोलीत छोटं स्वयंपाकघर होतं. गॅस, भांडी, फ्रिज, सगळं. या एका मुद्द्याला त्यांनी सर्वांत जास्त गुण दिले होते. बाहेरचं खाऊन पोट बिघडायला नको, मनाला येईल तेव्हा चहा. रविवारी कोलाडच्या हॉटेलात सह्या करायचं ठरलं. शनिवारी त्यांनी अख्ख्या खात्याला पेढे वाटले.

सोमवारी बसमध्ये ते खिडकीकडे स्वतः बसले. नागोठणं मागे पडल्यावर मीच विचारलं, सह्या झाल्या का?

"तिनं सही नाय केली," ते म्हणाले. "तो माणूस फोटो दाखवत होता. मॅडम, हे बघा तुमचं किचन. ही बघतच राहिली. मग त्याला म्हणाली, दादा, तिथं जाऊन पण भात मीच लावायचा ना? मग आमच्या रामवाडीच्या घरात काय वाईट हाय? आणि उठली."

बस खड्ड्यातून गेली. भाऊंनी पुढच्या सीटची दांडी धरली.

"सहा वर्षं सगळ्या जगाला विचारलं गो मी. मेंबरांना विचारलं, तुला विचारलं. तिलाच नाय विचारलं."

सहा वर्षं समोर बसून वहिनींना विचारायचं मलाही सुचलं नव्हतं, आणि मी तर बाई. घरी गेल्यावर मीही कुकरच लावते.

त्या आठवड्यात त्यांनी चार दिवसांची रजा टाकली. कारण, घरगुती. परत आल्यावर काय केलं ते सांगितलं नाही. त्या सुट्टीच्या योजनावाल्यांचे फोन आले की "आता नको" म्हणून ठेवून देत. दीड वर्षाने निवृत्त झाले. गेल्या हिवाळ्यात हृदयविकाराने गेले, घरच्या पायरीवर चपला काढता काढता.

दिवस झाल्यावर मी वहिनींना भेटायला रामवाडीला गेले. मुलगी नागपूरला परतली होती. वहिनी आत चहा टाकायला उठायला लागल्या, मी हात धरून बसवलं. बोलता बोलता मी त्या चार दिवसांच्या रजेचं विचारलं.

"श्रीवर्धनला गेलो होतो," वहिनी म्हणाल्या. "त्यांनी सकाळी विचारलं, तुला काय पायजे? मी म्हटलं, मला झोपायचंय. तर म्हणाले, चल. मिळाली ती एस.टी. पकडली, समोर दिसला तो लॉज घेतला. भाव पण नाय विचारला त्यांनी."

"समुद्र बघितला?"

"शेवटच्या दिवशी. दोन दिवस मी नुसती झोपले गो. कधी उजाडलं, कधी मावळलं, काय समजलं नाय. एकदा जाग आली म्हणून दार उघडलं, तर हे गॅलरीत दाराला पाठ लावून खुर्चीवर बसलेले. चहावाला कपबश्या वाजवत येत होता. ह्यांनी त्याला लांबूनच हात केला, आणि हळू आवाजात म्हणाले, नंतर ये, बाई झोपलीय. मी दार परत लावलं, आणि मुद्दाम झोपले."